अमावास्येला चालणारा डबा

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा फ्रिज नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, आखातात नोकरीला होते. ऐंशी साल उलटून सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा ते सुटीवर आले आणि माझ्यासाठी एक कीबोर्ड आणि एक जड खोका घेऊन आले. बहिणीने मिक्सर सांगितला होता. ती त्यांच्याशी आठ दिवस धड बोलली नाही.

कीबोर्ड हाच कॉम्प्युटर. तो आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीला जोडायचा आणि टाइप करत बसायचं. पण त्याची अक्कल लाइट असेपर्यंतच. लाइट गेली की सकाळपासून शिकवलेलं सगळं पार पुसलं जायचं. म्हणून तो खोका. त्याच्या फटीत काळी पातळ फ्लॉपी सरकवायची, हुकूम टाइप करायचा, की खोका करकरत सगळं तिच्यावर लिहून घेणार. याला डिस्क ड्राइव्ह म्हणतात, असं भाऊजींनी आईला दोनदा सांगितलं. आईने दोन्ही वेळा मान हलवली आणि त्याला डबा म्हणायला लागली. मग घरात तेच नाव पडलं.

डब्यात एकच खोट होती. तो चालत नव्हता.

नागपुरात नाईक तलावाच्या मागे आमची गल्ली विणकरांची. समोरच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाबा हातमागावर बसलेले. करवतकाठी लुगडी विणायचे. काठावर करवतीसारखे दात असतात ना, ती. आमच्या गल्लीत रविवार कोणी मानत नसे. सुटी अमावास्येची. त्या दिवशी आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हात लावायचा नाही, मग माग हाताचा असो की विजेचा.

विजेचे माग शेजारी होते. शेजारचे काका बाबांपेक्षा दहा वर्षांनी लहान, त्यांच्याच हाताखाली शिकलेले, त्यांना दादा म्हणणारे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी हातमाग मोडून दोन पॉवरलूम बसवले. बाबा चार लोकांसमोर म्हणाले, "मशीनवर निघते थे कापड नाही, फडकं हाय." काका म्हणाले, "फडकं तं फडकं, पोट तं भरते." झालं. तेव्हापासून बोलणं बंद. एक दारात आला की दुसरा आत जायचा. काही सांगायचंच असलं तर बाबा आमच्याच भिंतीकडे तोंड करून मोठ्याने सांगायचे, "काही लोकायच्या मोरीचं पानी आपल्या अंगणात येऊन राहिलं," आणि पाच मिनिटांनी पलीकडून भिंतीला उत्तर यायचं. ही भिंत दोन्ही घरांची एकच. पलीकडच्या अंगाला काकांचे पॉवरलूम, अलीकडच्या अंगाला आमची लाकडी फळी. घरातला एकुलता एक धड प्लग तिथेच होता, म्हणून फळीवर टीव्ही, कीबोर्ड आणि डबा.

पॉवरलूम पाळ्यांनी रात्रंदिवस सुरू असायचे. खडाक खडाक, खडाक खडाक. आवाजाचा त्रास होत नाही का, असं पाहुणे विचारायचे. कोणता आवाज, असं आम्ही विचारायचो. खरंच ऐकू येत नसे. आपलं आपल्याला घोरणं ऐकू येतं का?

तर डबा. फ्लॉपी घातली, हुकूम दिला, की तो करकर करायचा, मग थांबायचा, परत करकर, आणि टीव्हीवर इंग्रजीत एक ओळ यायची की लिहिता आलं नाही. मी बी.एस्सी. झालेला माणूस. घाबरलो नाही. स्पिरिटच्या बोळ्याने आतलं डोकं पुसलं. केबल उलटसुलट केली. खाली गोधडी घातली तर तो तापला, गोधडी काढली तर तो तसाच. स्टॅबिलायझर मागून आणला. घरात सुताचं तूस उडतं, ते आत जात असेल म्हणून डब्याला आईच्या जुन्या लुगड्याचा बुरखा शिवला. माझ्या फ्लॉप्यांना कीड लागेल म्हणून आईने त्या कडुलिंबाचा पाला घालून गव्हाच्या कोठीत ठेवल्या होत्या. त्या मला दोन दिवस सापडल्या नाहीत. मी चिडलो तर म्हणाली, "मंग उघड्यावर ठेवते का कोनी? कागदावानी पातळ तं हाय."

महाल भागातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. तो आला, फ्लॉपी घातली, हुकूम दिला, आणि डबा शहाण्या पोरासारखा करकरून मोकळा झाला. पुन्हा घातली, पुन्हा चाललं. सहा वेळा चाललं. मेकॅनिकने चहा पिता पिता माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला स्वतःचंच कानशील रंगवावंसं वाटलं. तो सायकलवर बसून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा पुन्हा मेला.

तेव्हापासून मी वहीत नोंद ठेवायला लागलो. तारीख, वेळ, चालला की नाही. पानभर नाही, नाही, नाही; मग एकदा होय, होय, होय; पुन्हा पानभर नाही. एक दिवस आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशी पाहत होती. माझी वही तिच्याच बाजूला उघडी. तिने माझे होय पाहिले, कॅलेंडरवरचे काळे ठिपके पाहिले आणि खुर्चीवर बसली.

"बापा," ती म्हणाली, "तुहा डबा अमावशेले चालते."

मेकॅनिक आला तो दिवसही अमावास्येचाच. बाकी सगळे होयसुद्धा अमावास्येचे. आईने त्याच दिवशी डब्यावरून लिंबू उतरवलं. पोळा आणि रोगराई घालवणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक अजून चार महिने लांब होती, नाहीतर "घेऊन जा गे मारबत" म्हणून तिने ही पिडाही तिच्याबरोबर गल्लीबाहेर धाडली असती.

आता तुम्हाला वाटेल, मी तरी विचार केला असेल. केला. तो आईच्या लिंबापेक्षा वाईट निघाला. मी लायब्ररीतून भौतिकशास्त्राचं पुस्तक आणलं. चंद्र एवढा समुद्र ओढतो, तर फ्लॉपीवरची चिमूटभर लोखंडी भुकटी का नाही ओढणार? अमावास्येला चंद्र-सूर्य एका बाजूला येतात, तेव्हा ओढाताण मिटत असेल. मग डबा उत्तरेकडे तोंड करून ठेवला, पूर्वेकडे ठेवला. पौर्णिमेला लिहून पाहिलं, चाललं नाही, तर पौर्णिमा उलटी म्हणून ते बरोबरच आहे असं स्वतःला समजावलं. हे सगळं मी पानांवर आकृत्या काढून केलं. ती वही माझ्याकडे आहे आणि मी ती कोणाला दाखवत नाही.

याच सुमारास नोकरीची गोष्ट निघाली. बी.एस्सी. होऊन तीन वर्षं मी शिकवण्या करत होतो. बाबांनी एक गोष्ट मला दहावीतच सांगून ठेवली होती: "या खड्ड्यात तू उतरायचा नाही." दुसरं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आणि तेव्हा धरमपेठेत कॉम्प्युटर शिकवणारा एक वर्ग निघाला. तिथे हेच कीबोर्ड, हेच डबे, शिकवायला माणूस हवा. वर्गाचे प्रमुख म्हणजे एक कडक रिटायर गृहस्थ. म्हणाले, "बोलणारे खूप येतात. सोमवारी अकराला स्वतः केलेला प्रोग्राम फ्लॉपीवर घेऊन ये. आमच्या मशीनवर चालला तर जागा तुझी. बाराला दुसऱ्याला बोलावलंय." अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. पुढची त्या सोमवारनंतर दहा दिवसांनी.

मी प्रोग्राम केला तो बाबांच्या काठाचा. कोणता धागा वर, कोणता खाली हे एकेक चौकोनाने टीव्हीवर काढत जायचं आणि शेवटी पूर्ण करवतकाठ उमटायचा. वहीत आठ पानं भरली. ती टाइप करायला तीन तास लागायचे, मग डबा नाही म्हणायचा, मग केव्हातरी लाइट जायची आणि सगळं पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज टाइप करून मला तो प्रोग्राम भीमरूपीसारखा पाठ झाला होता. मेकॅनिक पारशिवनीला मेहुण्याच्या लग्नाला गेलेला. डबा दुसऱ्याच्या घरी नेऊन पाहावा हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, कारण चंद्र काय, धरमपेठेतही तोच.

सोमवारी पाचला उठून टाइप करायला बसलो. साडेआठला पूर्ण झालं. टीव्हीवर काठ झकास उमटला. हुकूम दिला. नाही. पुन्हा दिला. नाही. दुसरी फ्लॉपी घातली. नाही. मे महिना, घामाने बोटं कीबोर्डला चिकटत होती, आणि लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. मी रडकुंडीला आलो होतो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

तेवढ्यात बाबा चहासाठी मागावरून उठून आले. चष्मा वर करून टीव्हीसमोर उकिडवे बसले. आधी मला वाटलं, कौतुक करतील. ते नखाने काचेवर एकेक दात मोजत गेले आणि म्हणाले, "हा सातवा दात मोडला गा. एक धागा कमी हाय."

माझं डोकं फिरलं. "तुमच्या दाताचं काय घेऊन बसले, बाबा?" मी ओरडलो. "इथं माझी नोकरी जाऊन राहिली. ज्यांना बघायचंय त्यांना सात दात आणि सतरा दात सारखेच."

बाबांवर आमच्या घरात कोणी ओरडत नसे. आई चुलीपाशी थबकली. बाबांनी विचारलं फक्त, "काय होऊन राहिलं याले?" मी पुन्हा हुकूम देऊन दाखवला. डबा करकरला. बाबांनी त्याच्यावर तळवा ठेवला. मागावर ताणा कसा आहे पाहायला धाग्यांवर हात ठेवायचे, तसाच. डोळे मिटले. मग हात उचलून फळीवर ठेवला. मग भिंतीवर. तिथे बराच वेळ ठेवला.

"याले रोग नाही," ते म्हणाले. "याले भिंत हलवून राहिली."

मी भिंतीला हात लावला. ती थरथरत होती. खडाक खडाक, खडाक खडाक. तीन वर्षांत पहिल्यांदा मला तो आवाज ऐकू आला. अमावास्येला माग बंद, म्हणून भिंत गप्प, म्हणून डबा शहाणा. एरवी पॉवरलूम थांबायचे ते लाइट गेल्यावरच, आणि लाइट गेली की माझा कॉम्प्युटरही गेलेला. मी वहीत चंद्र-सूर्य काढत बसलो होतो आणि बाबांना समजायला एक तळवा पुरला. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, पण ती आधीच पुरेशी हलत होती.

"फळीवरून काढून जमिनीवर ठेवतो," मी म्हणालो.

"वायर काढली तं लिहेलं राहीन काय?" बाबांनी विचारलं.

राहणार नव्हतं. कीबोर्डची आणि डब्याची वायर एकच, आणि ती भिंतीलगतच्या प्लगला जेमतेम पुरत होती. नऊ वाजून गेले होते. धरमपेठेला सायकलने जायला अर्धा तास. पुन्हा तीन तास टाइप करायला वेळ नव्हता. आता काकांकडे जाऊन कोणी बोलायचं हा प्रश्न होता. आई म्हणाली, "मी जातो त्यायच्या बायकोले सांगाले." बाबा म्हणाले, "बायको मशीन चालवते काय?"

त्यांनी बंडीवर सदरा चढवला. शेजारच्या दारात जायला सदरा लागत नाही, पण त्यांनी बटणं गळ्यापर्यंत लावली. मी खिडकीत उभा राहिलो. तीन वर्षं ज्या दारावरून ते मान वळवून जायचे, त्या दारात ते उभे राहिले आणि आत जायच्या आधी थांबले. काका मागाच्या आडून बाहेर आले. हात तेलाने काळे. काकांनी ते फडक्याला पुसले. मग बाबा मोठ्याने बोलले, कारण आतले माग ओरडत होते.

"पोराचं काम अडलं हाय. पंधरा मिनिटं थांबव गा."

काका म्हणाले, "दादा, आज अमावशा थोडीच हाय."

"माही हाय समज," बाबा म्हणाले.

काका आत गेले. एक माग थांबला. मग दुसरा. गल्लीतले बाकीचे दूरचे आवाज एकदम वेगवेगळे ऐकू यायला लागले, कुठे नळ वाहत होता, कुठे कोणी मुलाला रागावत होतं. मी हुकूम दिला. डबा एका दमात करकरला आणि गप्प झाला. झालं होतं. मी ते परत वाचून पाहिलं. होतं.

बाबा आले नाहीत म्हणून बाहेर डोकावलो. दोघं काकांच्या ओट्यावर बसले होते. मधे खर्र्याची पन्नी, सुपारी-तंबाखू-चुना. काका पन्नी घोटत होते आणि बाबा वाट पाहत होते. बाबांनी तिथूनच मला विचारलं, "दात नीट केला का?"

केला नव्हता. मोठा गुन्हा कबूल करावा तशी मी मान हलवली. बाबा खर्रा तोंडात टाकून आले, मागून काकाही आले. आमच्या उंबऱ्याच्या आत ते तीन वर्षांनी पाऊल टाकत होते. बाबांनी सांगितलं तसा मी धागा वाढवला आणि प्रोग्राम पुन्हा फ्लॉपीवर लिहून घेतला. काठ पुन्हा उमटला. काका टीव्हीकडे बघत राहिले.

"दादा, हा तं तुमचा काठ," ते म्हणाले. "तुमी मले पयल्यांदा हाच शिकवला होता."

"सातवा दात तूबी तवा मोडला होता," बाबा म्हणाले.

अकराला पाच कमी असताना मी धरमपेठेत पोचलो. फ्लॉपी चालली. काठ उमटला. प्रमुख गृहस्थांच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या, त्या थांबून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या आईकडे असं लुगडं होतं. मला जागा मिळाली. सातवा दात कोणी मोजला नाही.

पुढे रोज संध्याकाळी साडेसहाला मी घरी आलो की काका स्वतःहून माग थांबवायचे. पंधरा मिनिटं. त्याला दोन्ही घरांत अमावशा म्हणायला लागले. "पोरगा आला, अमावशा करा," काकांची बायको ओरडायची. तेवढ्या वेळात मी डब्यावर काम करायचो आणि ते दोघं ओट्यावर बसून खर्रा घोटायचे. पहिले काही दिवस मुकाट, मग मोरीच्या पाण्यावर बोलले, मग सुतावर, आणि मग काय, पंधराची वीस व्हायला लागली.

दोन-तीन महिन्यांनी वर्गातला एक डबा बिघडला. सगळे म्हणाले, तुझा आण, इथे निवांत चालेल. मी पिशवीत घालून नेला. संध्याकाळी घरी येऊन काकांना सांगायला निघालो की आता माग थांबवायची गरज नाही, तर आईने दंडाला धरून मागे ओढलं. फळीवर डब्याच्या जागी तिने पापडाचा पत्र्याचा डबा ठेवला होता, आणि त्यावर तोच लुगड्याचा बुरखा.

"काही सांगाची गरज नाही," ती म्हणाली. "थे दोघं बोलून राहिले. तू गुमान बस तिथं."

मी बसलो. वर्षभर बसलो. रोज साडेसहा वाजता, बी.एस्सी., कॉम्प्युटरचा शिक्षक, पापडाच्या डब्यासमोर पेपर वाचत. कधीकधी कीबोर्ड थोडा खडखडवायचा, पलीकडे ऐकू जावा म्हणून. आई म्हणायची, "जरा जोरात वाजव."

एकदा बाबा ओट्यावरून घरात आले, सदरा काढता काढता म्हणाले, "काहून गा, तो डबा तुह्या वर्गात बरा चालते ना?"

"तुम्हाला कधी समजलं?"

"नेला त्या दिवशीच. त्यानं सांगतलं मले. भिंतीले हात लावला, म्हने दादा, फळीवरचं वजन हलकं झालं."

"काकांनाही माहीत आहे? मग रोज माग कशाला थांबवता तुम्ही दोघं?"

बाबांनी सदरा खुंटीला लावला, घडी नीट केली. "तू बसला नसता तं आमी कोन्या तोंडानं थांबवला असता?" ते म्हणाले, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. धोटा हातात घेतला, मग परत खाली ठेवला. "उद्या बी साडेसहाले येजो."

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला येऊन पापडाच्या डब्यासमोर बसलो.